खाका पालथा घालायचा राहिला

४ मार्च
आज पुन्हा दारात अडकले. कापणीच्या टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत नीट चालत आले आणि ऐन दारात पाय खिळले. मी मागून — "अहो, पुढे व्हा ना, दूध उतू जातंय." दूध गेलंच. ओरडले त्यांच्यावर. मग वाईट वाटलं. ओटा पुसताना परत राग आला.

कंपवाताच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पायाला काही झालेलं नाही, मेंदूचा निरोप वाटेत अडतो. अडू दे बापडा, पण माझ्या दुधाच्या वेळीच का?

६ मार्च
व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा म्हणाल्या. समोर काही ओलांडायचं असलं की पाय आपोआप उचलतो म्हणे. पट्ट्या कशाला? शिंप्याच्या घरात खडूला काय तोटा! दारात रेघा मारल्या. आणि खरंच — पाय उचलून सरळ पलीकडे!

पलीकडे जाऊन मागे वळून म्हणतात, "रेघ सरळ नाहीये तुझी." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. मीही सोडलं नाही, चांगलं सुनावलं.

७ मार्च
फरशी पुसताना रेघा पुसल्या गेल्या. परत मारल्या.

१० मार्च
लेक आली होती. "आई, आता दुकान बंद करा. बाबांच्या हातात कात्री बघवत नाही मला." दुकान म्हणजे घराची पुढची खोली. हे कापतात, मी शिवते, इतकंच.

तिला कसं समजावू? नुसते बसले की ह्यांचा हात थरथरतो, पण कात्री धरली की थांबतो. डॉक्टरीणबाईंनी स्वतः पाहिलंय. कात्री काढून घेतली तर मागे नुसता थरथरणारा हात उरेल. म्हटलं, कापू दे त्यांना, मी आहे ना लक्ष ठेवायला. मोठी आलेय मी लक्ष ठेवणारी, दूधसुद्धा उतू जातं माझं.

१२ मार्च
हेडसर कोटाचं कापड देऊन गेले. लोकरी, चौकडीचं. मुलानं परदेशातून पाठवलंय, इथे शोधून मिळायचं नाही. शाळेच्या निरोप समारंभाला घालायचाय त्यांना. ह्यांनी कापडावरून हात फिरवला आणि चेहराच बदलला. किती दिवसांनी असे दिसले.

१५ मार्च
कोट शिवायला घेतला, पुढच्या दोन बाजू समोरासमोर ठेवल्या — दोन्ही डाव्या.

चौकडीचं कापड दुहेरी घालून कापत नाहीत, चौकडी सरकते. एकेक बाजू वेगळी कापायची. एकदा कागदाचा खाका सुलटा ठेवायचा, एकदा पालथा. नवशिके हे चुकतात. हे कधी म्हणजे कधी चुकले नव्हते. आणि कापणी किती सुबक! कडेला एक धागा हललेला नाही. आम्ही सगळे त्या हाताकडे डोळे लावून बसलो होतो आणि हात तर ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, पुढे कामाचा क्रम चुकायला लागेल. मी तेव्हा पर्समध्ये सुट्टे शोधत होते.

"पुढचे भाग लावलेस का?" ह्यांनी विचारलं. लावते म्हटलं आणि दोन्ही डाव्या बाजू मशीनच्या खणात कोंबल्या.

१६ मार्च
कशातच मन नाही. नुसती आत-बाहेर. बटणांचा डबा लावला, ओतला, परत लावला.

१७ मार्च
हेडसर आले. सांगून टाकलं — मी कापलं, माझ्याकडून चुकलं. बोलायचं ते बोलले. शेवटी बाह्यांसाठी ठेवलेल्या कापडातून उजवी बाजू जमवून बिनबाह्यांचं जाकीट शिवायचं ठरलं.

हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. सर गेल्यावर मला म्हणतात, "दुसऱ्या वेळी खाका पालथा घालायचा असतो. किती वेळा सांगितलंय तुला?"

"राहिलंच," म्हटलं आणि आत गेले. मोरीत नळ सोडून रडले. त्यांना खरंच वाटतंय का, मी कापलं? काहीच आठवत नाही?

२० मार्च
लेकीचा फोन. सगळं ठीक म्हटलं. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं. सांगितलं तर कात्री जाणार. नाही सांगितलं तर आणखी कुणाचं तरी कापड जाणार, आणि त्या वेळी ह्यांना सगळ्यांसमोर कळेल.

२३ मार्च
दवाखान्यात सरळ प्रश्न आला — "कामात काही चुका होतायत का?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात रेघेवरही बराच वेळ उभे. माझ्याच्यानं "चला" म्हणवलं नाही.

२४ मार्च
जाकिटाची उजवी बाजू कापायची होती. ह्यांनी कात्री उचलली आणि माझ्यापुढे धरली, मूठ माझ्याकडे करून.

"तू काप. मी खाका धरतो." मग म्हणाले, "त्या दोन डाव्या माझ्याच ना?"

कुणी सांगितलं, एवढंच विचारलं.

"सरांसमोर तू आळ अंगावर घेतलास, तेव्हा शंका आली. मग मुद्दाम टोचून बघितलं तुला. तरी भांडली नाहीस. तेव्हा घाबरलो मी."

खाका त्यांनीच पालथा घातला. मी खडूनं आखायला घेतलं.

"रेघ सरळ नाहीये तुझी."

खडू टेबलावर आपटला आणि भांडले. पोटभर.