मार्था मावशीची सर्दी

दिवा, ता. १२ नोव्हेंबर २०२५

ती. मंजुळा आत्यास,
सम्यकचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी रागात फोन भिंतीवर आपटला त्याला सहा दिवस झाले. तू दिलेल्या आंतरदेशीय पत्रांतलं हे पहिलं. राग आला की लिही, पेटीपर्यंत चालताना निम्मा उतरतो, असं तू म्हणालेलीस. साफ खोटं. पेटी आमच्या खोलीखालीच आहे.

पप्पांना सांग, मी डोंबिवलीच्या कॉलेजात परत जाणार नाही. सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, तुमच्या लोकांचे हात हातोड्यालाच बरे. मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकून निघून आलो. माझं काय चुकलं?

सध्या ठाण्यात औषधं घरपोच करतो. टेंभी नाक्याजवळ झिराडकर आजी आहेत. ज्यू आहेत, जन्म बेल्जियमचा, पण मराठी तुझ्यापेक्षा शुद्ध. आईवडील युद्धात गेले, मग त्या काकांकडे मुंबईला आल्या आणि ठाण्याच्या सून झाल्या. त्यांची नात नाओमी. आत्या, ती ब्लड प्रेशरची गोळी मोजून घेते ना, तेव्हा माझंच प्रेशर वाढतं. रविवारी त्यांच्याकडे मलिदा आहे. पोहे मी आणतो म्हणून सांगून आलोय.

लोभ कमी करू नकोस, पप्पांनी केलाय तेवढा पुरे.
तुझा सम्यक

मोहने, ता. १५ नोव्हेंबर २०२५

चि. सम्यकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पेटी खाली असेल तर तीन वेळा जिना चढ-उतर कर, मग टाक.

तुझा राग खरा आहे. तो गिळ असं मी कशी सांगेन? तुझे काका रेयॉनच्या कारखान्यात असलं बोलणं ऐकतच म्हातारे झाले. पण बोलले सर, आणि वर्ष गेलं तुझं. हा कुठला हिशोब? पुन्हा प्रवेशाची शेवटची तारीख पाच डिसेंबर आहे. सही त्याच सरांची लागते, हे चौकशी करून लिहितेय.

आणि गोळ्या मोजणाऱ्या मुलीसमोर जरा शहाण्यासारखा वाग. मलिदा म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. तुला तरी आहे का?

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या

दिवा, ता. २४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

नव्हतं गं ठाऊक! मलिद्याला नुसते भिजवलेले गोड पोहे लागतात. त्यात खोबरं, साखर, वेलची, बरोबर पाच फळं, आणि देवाचे आभार मानायचे. मी काय केलं? शेजारच्या जाईबाईंकडून पातेलंभर कांदेपोहे करून घेतले. मस्त फोडणी, वर शेंगदाणे. नवा शर्ट घालून दारात उभा. नाओमीचे काका म्हणाले, कमाल आहे, मुलगा स्वतःच पोहे घेऊन मुलगी बघायला आलाय! सगळं घर हसलं. मी पातेलं ठेवून पळणार, तेवढ्यात आजींनी मनगट धरून बसवलं आणि मलिदा कोणासाठी ते सांगितलं.

आजी पाच वर्षांच्या होत्या. नाझी शिपाई ज्यू मुलांना धरून न्यायचे. गावातली मार्था नावाची पाववाली अशा मुलांना पिठाच्या गाडीत लपवून बाहेर काढायची. आजींच्या खेपेला नाक्यावर शिपायाने तिला घाण शिवी दिली, पाव चिखलात फेकला. नेमक्या तेव्हाच पोत्यांखाली आजी शिंकल्या! मार्था क्षणात स्वतः शिंकायला लागली. एक नाही, नऊ शिंका, त्याही त्याच्या तोंडावर. तो ओरडला, तुझी सर्दी घेऊन चालती हो. अशी अकरा मुलं तिने वाचवली. बाराव्या खेपेहून ती परतली नाही. दर वर्षी हा मलिदा तिच्यासाठी.

मी म्हटलं, मी असतो तर त्या शिपायाचा दात पाडला असता. आजी म्हणाल्या, आणि पोत्यांखाली मी होते त्याचं काय? राग येऊ दे, पण आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघ.

सगळ्यांनी कांदेपोहे खाल्ले. नाओमीने नाही. कॉलेज सोडल्याचं तिला मीच सांगितलेलं. म्हणाली, चिडला की पळणाऱ्याच्या हातचं मी खात नाही.

आता काय करू?
तुझा घायाळ सम्यक

मोहने, ता. २८ नोव्हेंबर २०२५

चि. सम्यकास,
आशीर्वाद.

दोन अर्ज लिही. एक प्रवेशाचा, एक सरांच्या तक्रारीचा. आधी पहिल्यावर सही घे. सही वाळली की दुसरा दे. त्या आजींना माझा जय भीम सांग.
तुझी आत्या

दिवा, ता. ६ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
आज महापरिनिर्वाण दिन, बाबासाहेबांना वंदन करून लिहायला बसलोय. सप्रेम जय भीम. वि. वि.

काल गेलेलो. मला बघून सर म्हणाले, हातोडा झेपला नाही वाटतं? कान तापले. मूठ वळली. मग गाडीत काय आहे ते आठवलं. तुझी चौकशी, माझ्या फीसाठी पप्पांनी केलेला ओव्हरटाइम, एक न खाल्लेली पोह्यांची बशी. आणि आत्या, मी शिंकलो! रुमाल न लावता, सात वेळा. सर खुर्चीसकट मागे सरकले, सही करून कागद माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, सर्दी घेऊन बाहेर हो. मग खाली प्राचार्यांच्या ऑफिसात तक्रार दिली. चार मुलं साक्षीला आली. पोच घेतलीय.

संध्याकाळी डबाभर पोहे घेऊन टेंभी नाक्याला गेलो. आजींनी शिंका मोजायला लावल्या आणि म्हणाल्या, सातच? मार्थाच्या नऊ होत्या, सराव कर. आणि नाओमी? तिने उभ्याउभ्या दोन बशा पोहे खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाली, आणि निघताना हातात एक घडी केलेला रुमाल दिला. पुढच्या सेमिस्टरला लागेल म्हणे.

पत्रं संपत आलीत, अजून पाठव. आता रागावर नाही, दुसऱ्याच गोष्टीवर लिहायचंय. माया आहे, ती वाढवत राहा.
तुझाच सम्यक