रडारवरून गायब झालेले काका

तीर्थस्वरूप मच्छिंद्रकाकांस, तुमच्या लाडक्या (आज संध्याकाळपर्यंत तरी) पप्पूचा आडवा पडून नमस्कार. पहिल्याच विमानात कान दुखले न्हाईत ना? मिशा खुशाल असतील. एकदा हात फिरवून घ्या, मंग पुढं वाचा.

फोनच केला असता, पण काकी स्पीकर लावती. म्हणून तुम्हाला घ्यायला जालन्याच्या स्टँडवर निघालेल्या आपल्या जीपवाल्या बिभीषणच्या हातात ही चिठ्ठी देऊन राह्यलो. घरात पाय टाकायच्या आधी वाचा, न्हाईतर माझी धडगत न्हाई.

झालं असं, दुपारी मी कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ खेळून राह्यलो होतो. काकी भाजी निवडत आली, "तुझ्या काकाचं विमान कुठवर आलं रे?" मला अवदसा आठवली. खेळातल्या रडारवर माझ्याच विमानाचा ठिपका होता, त्याला बोट लावलं, "हे काय, परळीच्या वर." (विमानात ट्रान्सपॉन्डर नावाची डबी असती. विमानतळावरचा कंट्रोलवाला चार आकडे देतो, ते तिच्यात घालून बटण चालू ठेवलं की त्याला रडारवर आपण कोण ते कळतं. स्टँडबायवर नेलं की ओळख गायब. विमान उडतच असतं, तुम्ही फोन बंद करून पत्ते खेळायला जाता तसं.)

काकीनं ठिपक्याला हात जोडले अन् माझ्या हाताला खाज सुटली. बटण स्टँडबायवर नेलं. ठिपका गायब. काकी पांढरीफट! मी हसून बटण परत फिरवणार, तेवढ्यात लाइट गेली.

काळा पडदा. काकीनं असा हंबरडा फोडला की शेजारची साखराबाई भिंतीवरून वाकली. मी शपथा घेतल्या, काकी, हा खेळ हाय, विमान खोटं हाय. तर साखराबाई पदर डोळ्याला लावून म्हणती, "लेकरू धीर देऊन राह्यलं गं!" जल्मात एकदा खरं बोललो अन् कोणी मानंना. तुमचा फोन लावला, बंद. (विमानात बंदच असतो, हे फक्त मलाच ठाऊक.) काकी उंबऱ्यात जाऊन बसली. पाणी दिलं, बघंना. उतरायची वेळ टळली तरी फोन बंदच. काका, मंग मात्र मीच घाबरलो. खोटं बटण फिरवून खरंच काही झालं तर? फोन लावत होतो अन् ओठातल्या ओठात म्हणत होतो, देवा, ह्यांना उतरव, परत असं करणार न्हाई.

तुमचा "उतरलो, बॅगची वाट बघायलोय" असा फोन आला तवा काकी निस्तं "या" म्हणली अन् ढसढसा रडली. तुम्ही ऐकलं न्हाई ते, फोन ठेवल्यावर.

आता लाइट आलीय. काकीनं कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलंय. विनंती येवढीच, विमान मधी जरा दिसेनासं झाल्तं, असं तुम्हीबी म्हणा. खरं कळलं तर तिचं गावभर हसं, अन् माझं कातडं अंगणात.

तुमचा आज्ञाधारक (आजपासून)
पप्पू

ता.क. काकीनं राजूरच्या गणपतीला नवस बोललाय, तुम्ही सुखरूप उतरले तर तुमच्या मिशा वाहीन. न्हावी ओट्यावर बसलाय, त्याचा चहाबी झाला. आज जालन्यातच, मस्तगडला उषाआत्याकडं मुक्काम केला तर बरं.

ता.क. २. काकी आधी माझ्या डोक्याचे केस बोलत होती. मीच म्हणलो, काकी, देवाला घरातली सगळ्यात प्यारी चीज द्यावी लागती. कालच नवी कटिंग मारल्ती काका, तुम्हीच सांगा, दुसरं काय सुचणार?