सुनंदाचा हातमोजा

नाशिक, रविवार, संध्याकाळ

आज दिंडोरीहून धाकटा दीर प्रकाश आणि जाऊ सुनंदा जेवायला आले होते. गेल्या महिन्यात सुनंदा आणि मी केलेल्या हिमालयातल्या ट्रेकचा विषय निघाला. प्रकाश सर्वांसमोर म्हणाला, "द्राक्षबागेत चालणं निराळं, हिमालय निराळा. हिच्यापायी वहिनींचं शिखर हुकलं." सुनंदा हसली आणि मला पोळी वाढली. मी तूप मागितले.

शिखर समोर दिसत असताना दम मला लागला होता. बोटे बधिर झाली तेव्हा तिने स्वतःचा हातमोजा माझ्या हातात चढवला. दोघींत गाइड एकच, म्हणून माझ्याबरोबर तिलाही उतरावे लागले. घरी सर्वांनी तीच थकली असे गृहीत धरले आणि मी ते दुरुस्त केले नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधातला चुकलेला स्वल्पविरामही मी सोडत नाही.

निघताना तिला हातमोजा परत देऊ लागले. "राहू द्या ताई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी लागंल तुम्हाला."

म्हणजे ती पुन्हा माझ्याबरोबर यायला तयार आहे?

घरच्या ग्रुपसाठी एक वाक्य लिहिले: ‘परत फिरावे लागले ते माझ्यामुळे.’ चार वेळा तपासले. त्यात एकही चूक नाही. हातमोजा समोर टेबलावर आहे, आणि वाक्य अजून पाठवलेले नाही.