हवालदाराची पहिली ताटली

५ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, मी खुशाल आहे. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही नुसतं हं हं करता आणि गाडी रश्श्यावर नेता. म्हणून वसतिगृहात असतानाचा आपला जुना रिवाज पुन्हा सुरू करते आहे. पत्रात मध्येच तोडता येत नाही.

वाईट बातमी आधी सांगते. यंदा वर्षअखेरच्या सुट्टीत मी येऊ शकणार नाही. जनावरांच्या दवाखान्यात याच आठवड्यात सर्वांत जास्त गर्दी असते, आणि नव्या डॉक्टरला रजा मागायला तोंड नसतं. गर्दी कशाची, तर प्रेमाची. घरोघरी मोठं जेवण होतं, कुत्रा टेबलाखाली बसतो, प्रत्येक जण गुपचूप एक घास देतो आणि दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे येतो. कुणाच्या घशात शिजलेल्या हाडाची कपची अडकलेली, कुणी मनुकांचा केक खाऊन मूत्रपिंड धोक्यात आणलेलं. आणणारे मालक रडत असतात. त्यांना रागावताही येत नाही.

म्हणून आपल्या हवालदाराची काळजी वाटते. आपल्या घरी सुट्टीच्या जेवणाची पहिली ताटली त्याची. दिवसभर वाफेत उभं राहून तुमच्या जिभेला चव राहत नाही, म्हणून रस्सा हवालदाराने चाटूनपुसून खाल्ला की पास, आणि मगच पंगत बसते. ही गोष्ट मी मैत्रिणींना सांगितली तेव्हा त्यांना वाटलं, आमच्याकडे खरंच कुणी पोलीस जेवायला येतो. कुत्रा आहे म्हटल्यावर हसून लोळल्या. पण बाबा, तो आता म्हातारा झाला आहे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला विषासारखे बाधतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजलेली हाडं यांतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. मी शिकवायला लागले की मास्तरीण म्हणून चिडवता ना, मग त्या मास्तरणीचा एवढा एक हट्ट पुरवा.

आईला नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया त्याच्या पोटावरही असू द्या.

तुमची,
मास्तरीण


१३ डिसेंबर

चि. मास्तरणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या आईने मोठ्याने वाचलं, हवालदार कान टवकारून ऐकत होता. स्वतःविरुद्धचा निकाल ऐकावा तसा.

तू येणार नाहीस याचं वाईट वाटलं, पण कामाला पाठ दाखवू नये हे मीच शिकवलं, आता बोलू कुणाला. कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं की मुलगी रजेवर येणार नाही, तिच्यावाचून दवाखाना अडतो. आमचा कोठीवाला नेहमीसारखा खवचट. म्हणाला, माणसांची डॉक्टर असती तर मी माझा गुडघा दाखवला असता. मी त्याला वाटाणे निवडायला बसवलं.

आता तुझ्या हट्टाचं. इतकी वर्षं चारशे माणसं माझ्या हातचं जेवतात, कुणाचं पोट दुखलं नाही. पण घरात पहिल्यांदा कुणी पदवी घेतली आहे, तर तिचा शब्द खाली पडू देणार नाही. गेल्या रविवारी सुट्टीच्या रश्श्याची रंगीत तालीम केली. हवालदाराच्या ताटलीतला कांदा मी चिमट्याने एकेक पाकळी वेचून काढला. तुझी आई हसून हसून बेजार. कांदा नाही म्हणून त्याला भरपाई म्हणून दुप्पट रस्सा वाढला. हाड एकही दिलं नाही. आता खूश?

दोन दिवस तो जरा मलूल आहे. जिना चढताना मध्येच बसतो. थंडी बाधली असावी, म्हणून रोज वाटीभर गरम रस्सा पाजतो आहे, अर्थात वेचूनच.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. आमची आठवण मंद आचेवर ठेव, विझू देऊ नकोस.

तुझे,
बाबा


१८ डिसेंबर

चि. बाळीस,
अ. आ.

परवा यांचं पत्र वाचून तू दवाखान्यातून फोन केलास तेव्हा सगळी धावपळ झाली. नीट काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू म्हणालीस तसं हवालदाराचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. लघवी चहासारखी. रस्सा ताबडतोब बंद करून डॉक्टरकडे न्या, असं तू ओरडलीस ते यांना शेजारच्या खोलीत ऐकू गेलं. पहिल्यांदाच फोनवरचं काहीतरी यांना एका दमात ऐकू आलं.

यांनी कँटीनची भाजीची हातगाडी आणली, त्यावर पोतं अंथरून त्याला निजवलं आणि भर रस्त्यातून धावत ढकलत नेली. मागून मी, पायात दोन वेगळ्या चपला. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तू सांगितलं होतंस तेच शब्दाला शब्द सांगितलं, कांद्याने रक्त नासलं म्हणून. सलाईन लावलं, दोन रात्री ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागला नसता, म्हणाले. कुणी ओळखलं असं त्यांनी विचारल्यावर हे हवालदाराखालचं पोतं सारखं करायला लागले. मग मीच सांगितलं.

आज घरी आणलं. शेपटी एकदा हलली. पण हे मात्र हलत नाहीत. रश्श्याचं मोठं पातेलं घासून पालथं घातलं आणि यंदा सुट्टीचं जेवण नाही, असं जाहीर केलं. ज्या हाताने मुका जीव आजारी पाडला त्या हाताने कुणाला काय वाढू, म्हणतात. काका-काकू, पोरंसोरं सगळी यायची आहेत. माझं ऐकत नाहीत. तू लिही, तुझं ऐकतील.

जिवाला जप, आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
आई


२० डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पातेलं सुलटं करा आणि मग हे पत्र वाचा.

केलंत? आता ऐका. तुम्ही लहानपणापासून मला एक गोष्ट सांगता, की ताटात कांदा दिसला तर आचारी कच्चा. चांगल्या रश्श्यात कांदा उरतच नाही, विरून जातो. मग बाबा, त्या रविवारी चिमट्याने तुम्ही काय वेचलंत? चार पाकळ्या. बाकी सगळा कांदा रश्श्यात होता, आणि तो तुम्ही दुप्पट वाढलात. तुमचा रस्सा थोडा वाईट असता तर हवालदार कमी आजारी पडला असता!

हसलात ना? मला ठाऊक आहे.

कालपासून मी दवाखान्यात लोकांना तुमचंच वाक्य सांगते. कांदा काढून रस्सा दिला तर चालेल का, असं रोज कुणीतरी विचारतं. मी सांगते, माझे बाबा मुख्य आचारी आहेत, ते म्हणतात चांगल्या रश्श्यात कांदा उरत नाही. लोकांना लगेच पटतं. मोठ्या डॉक्टरांनीही ते वाक्य उचललं आहे. पुस्तकातून मी जे सांगत होते ते अर्ध्यांच्या डोक्यावरून जात होतं.

पहिली ताटली बंद करू नका. तिच्यावर मी वाढले. फक्त तिचं पातेलं वेगळं करा. बिनहाडाचं, बिनचरबीचं कोंबडीचं मांस नुसतं उकडून, थोडा मऊ भात, भोपळा, गाजर. मीठ, तेल, मसाला काही नाही. आणि पहिले काही दिवस त्याच्या डॉक्टरांना विचारूनच, थोडं थोडं. अळणी पदार्थ चवदार करणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून तर कारखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या आचाऱ्याला सांगते आहे.

पंगत बसली की कळवा. कृपा आहेच, तिच्यावर झाकण ठेवू नका.

तुमची,
मास्तरीण


२ जानेवारी

चि. डॉक्टरांस,
अनेक आशीर्वाद.

मायना बघून आई म्हणाली, स्वतःच्या पोरीला असं कुणी लिहितं का. मी म्हटलं, आपल्या घरात आजवर कुणाला असं लिहायची वेळच आली नव्हती, मला लिहू दे.

पंगत बसली. सकाळी कांद्याला सुरी लावायच्या आधी हवालदाराचं पातेलं चढवलं. ढवळायचा डाव वेगळा, चिरायची फळी वेगळी. इतकी वर्षं त्याने माझं चाखलं, या वेळी मी त्याचं चाखलं. इतकं अळणी मी जन्मात काही खाल्लं नव्हतं. भोपळा जरा जास्त मऊ केला, गाजराचं पाणी आटवून वर ओतलं, तेव्हा कुठे गोडी उतरली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, चार घास वाढले. सगळे उभे राहून बघत होते. त्याने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटली अशी चाटली की ती फरशीभर फिरली. पास! काकांनी टाळ्याच वाजवल्या. नंतर तेच काका केकचा तुकडा टेबलाखाली नेत होते, तुझ्या आईने मनगटावर उलथनं मारलं.

आता कँटीनचं. सुट्टीच्या जेवणानंतर कामगार घरच्या कुत्र्यांसाठी उरलेली हाडं आणि रस्सा बांधून नेतात, आणि मी हौसेने बांधून देत आलो. यंदा एक पातेलं वेगळं शिजवलं आणि खिडकीशी खडूने फळा लिहिला, की कुत्र्यांचं जेवण इथे मिळेल, हाडं, रस्सा आणि केक मागू नये. खाली लिहिलं, डॉक्टरांच्या हुकमावरून.

कोठीवाल्याने विचारलं, कोणते डॉक्टर. मी म्हटलं, आमच्या घरचे.

त्याने फळा पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला की पुढच्या वेळी त्या आल्या की गुडघा दाखवीन म्हणतो. जनावरांच्या असल्या तरी चालतील.

तुझी पहिली ताटली राखून आहे. सवडीने ये, आल्यावर पास की नापास ते तूच सांग.

तुझे,
बाबा
(मुख्य आचारी, आणि डॉक्टरांचे वडील)