यंदा बाबादागवरून

क्युताह्या, ३ मे

चि. निलाय हिस,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेला होता. 'सौ.' कोर्टाने काढलं; 'चि.' काढणारं कोर्ट अजून निघायचंय.

पत्र लिहितेय, कारण फोन वाजला की तुनजाय माझ्याआधी उचलतो. तुमचा घटस्फोट झाल्यापासून घरात तुझं नाव काढायचं नाही असा माझ्या लेकाचा हुकूम आहे. नवी सून डेर्या वाईट नाही, पण मला काचेच्या भांड्यासारखी उचलते आणि ठेवते.

तू या घरात होतीस तेव्हा दर उन्हाळ्यात आपण तुझ्या माहेरी, ओल्युडेनिझच्या समुद्रावर जायचं ठरवायचो. कुठली बोट, कुठला किनारा, सगळं ठरायचं, आणि तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. तर मी जूनमध्ये येते आहे. त्याला विचारलेलं नाही. तुझ्या भावाच्या बोटीत माझी जागा ठेव. आणि बाबादाग डोंगरावरून लोक ते कापडी पंख बांधून उडतात ना, तेही माझं ठरलंय. हसू नकोस.

हे पत्र शेजारची साबिरे टाकेल. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

कागदोपत्री तुझी कुणीही नसलेली,
झेकिये


ओल्युडेनिझ, १४ मे

ती. आईंस,

सा. न. वि. वि. हसले नाही. तुम्हाला ताप तर चढला नाही ना, एवढंच साबिरेमावशींना विचारणार होते.

बोटीचं सोपं आहे. कादिरदादा म्हणतो, सकाळी लवकर निघू, फुलपाखरांच्या दरीत नांगर टाकू आणि दुपारच्या लाटा उठायच्या आत परत येऊ. मासे तोच भाजणार. मीठ कमी पडलं तरी तुम्ही बोलायचं नाही, ही त्याची अट.

उडण्याचं मी ओक्तायला विचारलं. तो लोकांना आपल्या पुढ्यात बांधून घेऊन उडतो. तुमच्या वयाच्या माणसांनाही त्याने नेलंय. पण म्हणाला, आधी डॉक्टरांना विचारा. आणि सुरुवातीला उतारावरून धावावं लागतं, मध्येच बसून चालत नाही. तुमचा उजवा गुडघा जिन्यात काय बोलतो ते मी ऐकलेलं आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. माझ्यापायी तुमचं लेकाशी फाटायला नको. शिवाय वहिनी विचारते, गावात यांना कोण म्हणून सांगायचं? आई, अजून विचार करा. नाही आलात तर रुसणार नाही. आलात तर समुद्राकडची खोली तुमची.

तुमच्या मायेवर अजून हक्क सांगणारी,
निलाय


क्युताह्या, २६ मे

चि. निलाय हिस,

अ. आ. वहिनीला सांग, सासू आहे. सोडलं ते त्याने. मी तुला कधी सोडलं?

रोज सकाळी सलवार खोचून मागच्या टेकाडावरून धावत उतरते. साबिरे आधी गंमत बघायला यायची, आता माझ्या पुढे धावते. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, गुडघा जुना झालाय. मी म्हटलं, दोघांचं वय तर एकच आहे.

तुनजायला कळलं. मला धावताना डेर्याने पाहिलं आणि सांगितलं. जेवताना तो म्हणाला, की तिच्याकडे गेलीस तर या घराचं दार तुला बंद. मी आधी सूप संपवलं. मग म्हणाले, "बाळा, दार माझं आहे. तू फक्त किल्ली वापरतोस." डेर्या उठून स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली की रडायला, कोण जाणे.

पुढच्या बुधवारच्या बसने निघते. खसखशीच्या पोळ्या आणते आहे, मीठ बरोबर असलेल्या.

येणार म्हणजे येणारच,
झेकिये


क्युताह्या, १२ जून

ती. आईस,

सा. न. वि. वि. फोन फ्रिजवर ठेवून गेलीस म्हणून लिहावं लागतंय.

मला दुकानात बसणं मुश्कील झालंय. साबिरेमावशी तुझा बोटीवरचा फोटो गावभर दाखवत फिरतात. डोक्यावर कप्तानाची टोपी, हातात अख्खा मासा. बाबा असते तर काय म्हणाले असते? आणि आता म्हणे डोंगरावरून उडणार. तुला काही झालं तर लोक मलाच धरतील. हे सगळं निलायचं कारस्थान आहे. तिला माझ्यावर सूड उगवायचाय, आणि तू भोळी, तिच्या नादी लागलीस.

पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव. डेर्या तुझी आठवण काढते. मीही काढतो.

तुझा,
तुनजाय


ओल्युडेनिझ, १७ जून

चि. तुनजाय यास,

अ. आ. तुझं पत्र पोचलं. मी उडाले.

परवा वाऱ्याने वरून परत पाठवलं होतं. काल पुन्हा गेलो. पहिल्या खेपेला धावता धावता मी मध्येच बसले. गुडघा खरचटला, ओक्तायही माझ्याबरोबर पडला. तो म्हणाला, आजी, पुरे. निलाय तर माझे पट्टेच सोडायला लागली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. तुझं ते कारस्थान असं होतं बघ. मी तिला म्हटलं, "मला कुणी आणलेलं नाही. मी आलेय." आणि पुन्हा उभी राहिले. या खेपेला पायाखालची जमीन संपली तरी मी धावतच होते. शेवटी ओक्तायच म्हणाला, की आजी, आता थांबलात तरी चालेल.

बाबा काय म्हणाले असते, असं विचारलंस. खरं सांगू? तिथे वर मला ते आठवले नाहीत. तूही आठवला नाहीस. खाली बोटी होत्या, पाणी होतं. कितीतरी वर्षांनी मी कुणाचीही काळजी न करता नुसती बसले होते.

शनिवारी अवश्य ये. बॅग भरलेली नसेल. द्राक्षं पिकेपर्यंत मी इथेच आहे. आणि एक ध्यानात ठेव, मी इथे निलायची पाहुणी आहे. आधी बाहेर उभं राहून तिला विचारायचं. ती 'ये' म्हणाली तर आत. 'नको' म्हणाली तर पलीकडे चहावाला आहे, मी तिथे येऊन तुझ्याशी हवं तेवढा वेळ बसेन. चहा मी पाजेन. पण तुझ्या वतीने तिच्याकडे एक शब्दही टाकणार नाही. तो तुझा तू शोधून आण.

लोभ पूर्वीइतकाच आहे, मात्र यापुढे तो वाटून मिळेल, हे कळावे.

तुझी आई,
झेकिये