बदकांचं झबलं

खोपट, ठाणे
३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अळिवाचे लाडू पोचले. डबा रिकामा परत करायचा नसतो आणि बाळंतिणीला दुसरं काही जमत नाही, म्हणून आनंदच्या हाती त्यात ही चिठ्ठी. जावई आता घरचा पोस्टमन!

रविवारी बाळीचे फोटो काढायला समीक्षा नावाची मुलगी घरी येणार आहे. तिच्या सूचना ऐकून डोकं गरगरतंय. खोली गरम ठेवा, पोट भरून झोपवा, तीट लावू नका. तीट नको म्हटल्यावर आई म्हणाली, मग फोटोवालीही नको. आनंदला लेक टोपलीत ठेवायची आहे. आई विचारते, पोर आहे की मेथीची जुडी? सासूबाईंना मोरपीस हवं. मी मधे बसून सगळ्यांनाच हो म्हणते.

त्यात बारशापर्यंत नवं काही घालायचं नाही. दुसऱ्या बाळाने वापरून मऊ केलेलंच हवं. तेव्हा तुझ्या कपाटातलं सुश्रुतचं पिवळं झबलं आठवलं, बदकं भरलेलं. देशील? बाळी त्याच्यासारखी दांडगी होऊ दे.

लोभाचा अर्धा वाटा आता बाळीला, उरलेला माझाच.

तुझी,
ऋजुता

कोपर, डोंबिवली
५ डिसेंबर

चि. सौ. ऋजुता हिस,
अ. उ. आ.

काल आनंद दारात उभा असताना झबलं सापडत नाही, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं होतं.

झबलं सुश्रुतचं नाही. त्याच्या आधी मला एक मुलगा झाला होता. चार महिन्यांचा होऊन गेला. तू तेव्हा बालवाडीत होतीस. सुश्रुतचे कपडे माझ्याकडे कसे उरतील? धडधाकट पोराचे म्हणून बायकांनी मागून नेले. हे कुणी मागितलं नाही, म्हणून राहिलं.

मला काही सुधरत नाही. असल्या गोष्टी मानत नाही असं मी चारचौघांत सांगते. मग मुकाट्याने का नाही पाठवलं? आणि मानते म्हणावं, तर कपाट उघडल्यावर पहिला विचार पाठवावं असाच का आला? ते पुन्हा एकदा कुणाच्या अंगावर दिसावं असं वाटलं, ऋजू. तुझ्या मुलीसाठी की माझ्यासाठी, ते ठरवता येईना. ओल्या बाळंतिणीला हे लिहावं का, तेही कळत नाही. पण न सांगता देणं बरोबर नव्हतं. नको म्हणालीस तर राग नाही.

कान बांधून बसत जा. आशीर्वाद नेहमीइतकेच, काळजी थोडी जास्त.

तुझी,
प्रमोदिनीआत्या

खोपट, ठाणे
७ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचून पहिलं काय केलं सांगू? बाळीला उचलून छातीशी धरलं. मी, मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. बाळीला ते घालायला नको, आत्या. लिहिताना वाईट वाटतंय, पण खोटं लिहवत नाही.

आईला विचारलं तर ती उठली आणि जेवणं झालेली असताना कुकर लावायला गेली. मग म्हणाली, बदकं तिनेच भरली होती. तुझ्या मनाला लागेल म्हणून तिने इतकी वर्षं त्याचं नाव काढलं नाही. तू काढत नाहीस म्हणजे तुला विसरायचं असेल, असं तिला वाटायचं.

नंतर तीच म्हणाली, फोटोवाली येतेच आहे, तर झबल्याचाही फोटो काढू. वेगळा. समीक्षाला विचारलं. म्हणाली, काढते की, पांढऱ्या दुपट्यावर छान येईल. ती फोटोखाली नाव घालते. त्याचं नाव काय होतं? आई म्हणते, ते आत्यालाच सांगू दे.

बाकी इथे टोपलीही आहे, मोरपीसही आहे आणि तीट तळपायाला.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
ऋजुता

कोपर, डोंबिवली
८ डिसेंबर

चि. सौ. ऋजुता हिस,
अ. उ. आ.

नाव निहार.

रविवारी येते. सुश्रुतही येतो म्हणतोय, का ते मी विचारलं नाही. चित्रावहिनीला सांग, मला विसरायचं नव्हतं. मला वाटायचं, बाकी सगळ्यांना विसरायचं आहे.

एकच अडलंय. फोटोत चुरगळलेलं दिसू नये म्हणून झबलं इस्त्रीला काढलं. पण इस्त्री करायची तर आधी धुवायला हवं, आणि ते मी तेव्हापासून धुतलेलं नाही. धुऊ का गं?

तुझी,
आत्या