इंजनाची धार

सोमवार, २१ एप्रिल
आज परत तेच. काजल होडी घेऊन नदीच्या मध्यावर गेली आन् इंजन पीं-पीं कोकलायला लागलं. तापलं. बंद करून वल्हवत आली माझी नातसून, घामानं निथळत. घाटावर आमचे धाकटे दीर तात्या मिशी पिळत बसलेले. म्हणले, "वैनी, बाईच्या हातात इंजन दिलं की असंच. चावी शेवटी माझ्याकडंच येणार बगा."
पुरात पलीकडची वस्ती तुटती, म्हणून गावाला ही होडी मिळाली. पुढच्या मंगळवारी तालुक्याचं सायेब येणार. काजल न थांबता पलीकडं जाऊन परत आली तर चावी तिची. न्हाईतर तात्याची. काजल कोयनेच्या पाण्यावरची, बाप लाँच चालवायचा. आन् तात्याला गुडघ्याच्या वर पाणी आलं की कुलदैवत आठवतं.
रात्री वांग्याचं भरीत. मीठ जास्त झालं, तरी सगळ्यांनी खाल्लं.

बुधवार, २३
आज मी पण होडीत बसले. पदर खोचून. काजल म्हणली, "आजी, नदीचं पाणी खालनं आत शिरतं, इंजन गार करतं, थोडं मागनं बाहेर पडतं. ती धार बगायची. धार जोरात तर इंजन गार."
बगितली. जोरात कुठली, म्हातारा रेडा मुतल्यागत. काजल हसून पडायचीच पाण्यात.
खालच्या जाळीत पाण्यावरच्या केंदाळाची मुळं अडकलेली. पोरींच्या केसातला गुंता काढावा तशी मी काढली. धार वाढली! खुशीत परत निघालो तर मध्यावर पीं-पीं.
तात्या काठावरनं, "वैनी, वेणी बी घाला त्याची!"
घालीन. तुमच्या मिशीची.

शुक्रवार, २५
काजलनं खालचा भाग खोलला. आत रबराचं फूल, सहा पाकळ्यांचं. ते फिरतं तवा पाणी वर चढतं. इंपेलर म्हणत्यात. दोन पाकळ्या तुटलेल्या. एक तिथंच पडलेली. काजल फूल घेऊन यष्टीनं सांगलीला गेली, नवं आणलं. येताना मला पेढं. मला साखर हाय हे तिला ठाऊक हाय, पण एक चालतो.
दुकानदारानं जुनं फूल हातात धरूनच इचारलं म्हणं, "कोरड्यावर चालवलं व्हय इंजन? पाण्याबिगार रबर करपतं."
मी कपाळावर हात मारला. होडी गावात आली त्या दिवशी काजल म्हायेरी होती. तात्यानी ट्रॉलीतच इंजन सुरू केलं, देवळापासनं चावडीपतुर मिरवणूक! हलगी, गुलाल, आन् इंजन बोंबलतंय. मी पण टाळ्या वाजवत हुते की. तात्याच्या मोबाइलात व्हिडिओ हाय, सगळ्या गावाला धाडलेला.
म्हणलं, आत्ताच जाऊन दावते तात्याला. काजल म्हणली, "नगं आजी. आधी चालू होऊ दे."
शानी पोरगी.

रविवार, २७
नवं फूल बसवलं. तरी तापलं.
काजल घाटाच्या पायरीवर बसून रडली. लग्न होऊन आली तवा पण रडली नव्हती. "माझंच चुकतंय कायतरी," म्हणली. मला बघवंना. तिला घरी आणलं आन् भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मन थाऱ्यावर न्हाई. हात काठवटीवर आपटला, बांगडी फुटली. काच येचली, तुकडं जुळवून बगितलं. एक कमी. तो पिठातच असणार, म्हणून गोळाच टाकून दिला. आन् तशीच उभी ऱ्हायले. हाक मारली, "काजे, पाकळ्या दोन तुटल्या, गावली एक. दुसरी कुठाय?"
ती ताडकन उठली. मग पळाली घाटाकडं. चप्पल पण न्हाई.
वरचं झाकण खोलून नळीत उलटं पाणी सोडलं. आदी गाळ. मग टप्पकन रबराचा काळा तुकडा, हरभऱ्याएवढा. एवढाच! एवढ्याशानं पोरीला रडवलं.
मग धार अशी पडली की माझं लुगडं भिजलं. भिजू दे.

मंगळवार, २९
गेली. वळली. आली. पीं न्हाई की पां न्हाई! मी काठावरनं वरडत हुते, "धार पडत्या गं, धार!" सायबाला वाटलं म्हातारीचं कायतरी बिघडलं. चावी काजलच्या हातात दिली. मी घरी येईस्तोवर बोलत हुते, कुणाशी ठाऊक.
तात्या मिशी पिळतच. मी व्हिडिओ लावला त्यांच्याच मोबाइलात. "तात्या, नदी दिसती का वो ह्यात कुठं?"
बगितलं. मिशीवरचा हात खाली आला. म्हणले, "वैनी, हे गावाला धाडू नगा."
"तुमीच धाडलंय की!"
संध्याकाळी पुरणपोळी. तात्यानी चार खाल्ल्या. रुसवा पोटापतुर पोचला न्हाई.

शनिवार, २६ जुलै
पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलंय. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई अडलीय, फोन आला. काजल निघाली. तात्या दोरी हातात घेऊन आपणहून होडीत बसले. "मी धार बगतो," म्हणले. कंबरंएवढ्या पाण्यातनं चढले, कुलदैवताचं नाव घेत.
पावसात होडी दिसंना. नुस्ता आवाज. मी ओसरीवर बसून कान तिकडं लावलाय. अजून पीं ऐकू आलं न्हाई.
बाळंतिणीसाठी पाणी तापत ठेवलंय.